पूर ओसरल्यावरचा गाळ : सरकारी मदत कोणाला व कशी मिळते?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा आणि मार्कंडेय ह्या नद्यांनी बेळगाव जिल्ह्यात काय केले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पुढे जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचे पाणी निपाणीजवळ यमगर्णी येथे राष्ट्रीय महामार्गावर आले. बळ्ळारी नाल्याकाठच्या भातशेतीला तर दर मोठ्या पावसात पाण्याखाली जाण्याची जणू सवयच झाली आहे. पाणी चढत असते तेव्हा नावा येतात, अन्नाची पाकिटे येतात, पुढारी येतात. पाणी उतरल्यावर मात्र शेतात वाळू, घरात चिखल, वाटेवर पडलेली झाडे आणि गोठ्यात मेलेले जनावर एवढेच उरते. हे सारे कोणी काढायचे आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, असे आम्हांला अनेकांनी विचारले आहे. म्हणून ह्या वेळी ह्या पानावर त्याचीच माहिती देत आहोत.

पैसा कोठून येतो?

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ साली झाला. त्या कायद्याप्रमाणे प्रत्येक राज्यात राज्य आपत्ती प्रतिसाद निधी असतो. आपल्याकडील राज्यांत त्यातील ७५ टक्के वाटा केंद्र सरकार घालते व २५ टक्के राज्य सरकार घालते. पूर, चक्रीवादळ, भूकंप, आग, गारपीट, दरड कोसळणे, ढगफुटी, दुष्काळ अशा ठरावीक आपत्तींसाठीच तो वापरता येतो. कोणत्या कामाला किती पैसे द्यायचे ह्याचे दर केंद्राचे गृह मंत्रालय ठरवते. ते दर कर्नाटकाला, महाराष्ट्राला व गोव्याला सारखेच लागू असतात. राज्य सरकारला आपल्या तिजोरीतून त्यावर भर घालता येते. २०१९ च्या पुरानंतर कर्नाटकाने पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख रुपये जाहीर केले होते, ते असेच.

खाली दिलेले आकडे २०२२-२३ ते २०२५-२६ ह्या चार वर्षांसाठी ठरलेले आहेत. हे दर काही वर्षांनी बदलतात. म्हणून अर्ज करताना सध्या लागू असलेला दर तलाठ्याकडे किंवा तहसीलदार कचेरीत विचारून घ्यावा. आकडे बदलले तरी नियमांची मांडणी सहसा तीच राहते, आणि तीच नीट समजून घेणे महत्त्वाचे आहे.

तीन जागा, तीन नियम

पहिली गोष्ट अशी की राडारोडा कोठे पडला आहे ह्यावर सारे अवलंबून असते. सार्वजनिक जागा, शेत आणि घर ह्या तिन्हींना वेगवेगळा नियम आहे.

१. सार्वजनिक जागा. रस्ता, गटार, गावची विहीर, शाळेकडे जाणारी वाट अशा ठिकाणचा राडारोडा काढण्याचा खर्च निधीतून प्रत्यक्ष झाला तेवढा मिळतो. पण त्याला दोन अटी आहेत. गरज किती आहे हे राज्याच्या कार्यकारी समितीने ठरवलेले असावे लागते, आणि काम सुरू झाल्या दिवसापासून ३० दिवसांपर्यंतचाच खर्च धरला जातो. साचलेले पाणी बाहेर काढणे आणि मेलेल्या जनावरांची विल्हेवाट लावणे हीसुद्धा ह्याच सदरात येतात. हा पैसा तुमच्याआमच्या हातात येत नाही. तो काम करणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे जातो. राडारोडा दूर करण्याचा अधिकार कायद्याच्या ३४ व्या कलमाने जिल्हा प्राधिकरणाला दिलेला आहे, आणि त्याचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात.

ह्यावरून गावाने काय शिकावे? तरुण मंडळी उत्साहाने ट्रॅक्टर लावून रस्ता मोकळा करतात. ही चांगली गोष्ट आहे. माणसाला दवाखान्यात न्यायचे असेल तर कागदाची वाट पाहू नये. परंतु डिझेलचा खर्च मागाहून मिळेल असे कोणी धरून चालू नये. आदेशावाचून केलेले काम ही सेवा झाली. खर्च मिळावा असे वाटत असेल तर पंचायतीला आधी लेखी कळवावे, पंचायतीने तहसीलदारांना कळवावे आणि कोणता ट्रॅक्टर किती तास चालला ह्याची रोजच्या रोज वहीत नोंद ठेवावी. ३० दिवस फार वाटतात, पण पावसाळ्यात ते भराभर संपतात.

२. शेत. शेतातील गाळ काढण्यासाठी मदत थेट शेतकऱ्याला मिळते. हिच्या अटी पुढे सविस्तर देत आहोत.

३. घर. घरातला व अंगणातला चिखल काढण्यासाठी ह्या दरांत वेगळी रक्कम नाही. घर किती पडले त्याप्रमाणे घराची मदत मिळते. घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांपेक्षा अधिक काळ पाण्यात राहिले तर कपड्यांसाठी २,५०० रुपये आणि भांडीकुंडी व सामानासाठी २,५०० रुपये प्रत्येक कुटुंबाला धरलेले आहेत. ह्या "दोन दिवसां"वर पुष्कळदा वाद होतो. म्हणून पाणी कोठवर चढले त्याची भिंतीवरील खूण पुसण्यापूर्वी तिचा फोटो काढावा, आणि पाणी कधी आले व कधी उतरले हे तारीखवार लिहून ठेवावे. देऊळ, मशीद व चर्च ह्यांच्या आवारातील चिखलासाठीही मदतीची वाट न पाहता तो आपणच श्रमदानाने काढायचा आहे असे धरून चालावे.

शेतातील गाळाची मदत

ह्या मदतीच्या मुख्य अटी अशा आहेत.

शेतकऱ्याची एकूण जमीन २ हेक्टरपर्यंत असावी. २ हेक्टर म्हणजे आपल्या हिशेबाने ५ एकरांना दोन-तीन गुंठे कमी. त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला पीक बुडाल्याची मदत २ हेक्टरांच्या मर्यादेत मिळू शकते, पण गाळ काढण्याची मिळत नाही.

वाळूचा किंवा गाळाचा थर ३ इंचांपेक्षा जाड असावा, आणि तसे सरकारच्या अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले असावे. ३ इंच म्हणजे साधारण चार बोटे. डोंगराळ भागात दरडीबरोबर शेतात आलेली दगडमाती काढण्यासाठीही ह्याच दराने मदत आहे.

त्याच कामासाठी दुसऱ्या कोणत्याही सरकारी योजनेतून मदत घेतलेली नसावी, किंवा मिळण्याजोगी नसावी.

दर हेक्टरला १८,००० रुपये आहे. २०१५ मध्ये ठरलेला दर १२,२०० होता. जमीन कितीही थोडी असली तरी किमान २,२०० रुपये मिळावेत असे नियमात आहे. म्हणजे १० गुंठ्यांवाल्याचा हिशेब १,८२१ रुपये येतो, तरी त्याला २,२०० मिळायला हवेत. हे पुष्कळांना माहीत नसते.

नदीने पात्र बदलल्यामुळे किंवा दरड कोसळल्यामुळे जमिनीचा मोठा भागच गेला असेल तर तो निराळा विषय आहे. त्याला हेक्टरी ४७,००० रुपये धरलेले आहेत, पण फक्त अल्प व अत्यल्प भूधारकांना, आणि जमीन त्यांच्या नावावर असल्याचे महसुली कागदावर दिसत असेल तरच. तसेच पीक ३३ टक्के किंवा अधिक गेले असेल तर कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बारमाही पिकांना २२,५०० रुपये असे दर आहेत. पंचनाम्याच्या वेळी पिकाचे नुकसान व जमिनीचे नुकसान ही दोन्ही वेगवेगळी लिहून घ्यावीत. नुसते "पीक गेले" एवढेच लिहिले तर गाळाचा उल्लेख राहून जातो, आणि मग त्याची मदत मागायला आधार उरत नाही.

मदत पुरते का?

येथे आम्ही वाचकांना खोटी आशा दाखवू इच्छित नाही. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर ३ इंच थर असला तर सुमारे १०,९०० घनफूट माती झाली, म्हणजे १०९ ब्रास. एकरी मदत होते सुमारे ७,२८५ रुपये. एका ब्रासला ६७ रुपये पडले. एवढ्यात एक ब्रास भरून, वाहून, टाकून देणारा ट्रॅक्टरवाला आपल्याला तरी माहीत नाही. तेव्हा ही नुकसानभरपाई नव्हे. तो नुसता हातभार आहे.

म्हणून मदत येवो न येवो, आधी शेतात जाऊन गाळ कसला आहे ते पाहावे. बोटांत चोळून पाहिल्यावर मऊ, पिठासारखा लागणारा बारीक गाळ असेल आणि थर पातळ असेल तर तो उचलून नेण्यापेक्षा वाफसा आल्यावर खोल नांगरून मूळ मातीत मिसळणे स्वस्त पडते. खरखरीत वाळू असेल तर ती मिसळून जमीन हलकी होते व पाणी धरत नाही. ती उचलावीच लागते. उचललेली वाळू विकायची असेल तर मात्र खनिज खात्याची परवानगी लागते. शेत आपले असले तरी वाळू परस्पर विकता येत नाही. नाहीतर मदत राहिली बाजूला आणि दंड भरायची पाळी यायची.

आधी पंचनामा की आधी सफाई?

सर्वांत अधिक नुकसान येथे होते. पाणी उतरले की शेतकऱ्याला धीर निघत नाही. तो भाड्याने यंत्र आणून चार दिवसांत शेत साफ करतो. अधिकारी येतात तेव्हा गाळ दिसत नाही, आणि जो दिसत नाही तो ते लिहीत नाहीत. उलट पंचनाम्याची वाट पाहत बसावे तर हंगाम जातो, आणि घरात चिखल ठेवून राहावे तर रोग येतो. ह्या पेचातून वाट काढता येते, ती अशी.

पहिल्या दोन दिवसांतच तलाठ्याला लेखी अर्ज द्यावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही व शिक्का घ्यावा. तोंडी सांगितलेले कोणाच्याच लक्षात राहत नाही. कर्नाटकात अर्ज कन्नडमध्ये असला की काम लवकर पुढे सरकते. आपली शाळेत जाणारी मुले कन्नड लिहितात, त्यांच्याकडून तो लिहून घ्यावा.

शेतात पाचसहा ठिकाणी फावड्याने मूळ मातीपर्यंत खड्डा घ्यावा. त्यात फूटपट्टी उभी धरून फोटो काढावा. फोटोत बांध, झाड, विहीर अशी शेताची काही तरी ओळख यावी. फोटो काढणाऱ्याने मोबाईलमध्ये तारीख बरोबर असल्याची खात्री करावी.

शेजारच्या दोन शेतकऱ्यांसमक्ष कोणत्या गटात किती गुंठ्यांवर किती इंच थर आहे हे कागदावर लिहून त्यांच्या सह्या घ्याव्यात. हा कागद म्हणजे सरकारी पंचनामा नव्हे. पण पुढे वाद झाला तर तो उपयोगी पडतो.

शेत आधीच साफ करणे भाग असेल तर एक कोपरा तसाच राखून ठेवावा. अधिकारी आल्यावर मोजायला काही तरी जागेवर हवे. यंत्राच्या भाड्याची पावती जपून ठेवावी.

मेलेल्या जनावराचेही तसेच आहे. ह्या दरांप्रमाणे दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये व बैलाला ३२,००० रुपये आहेत. पण पुरण्यापूर्वी पशुवैद्याने पाहिलेले असावे. तो लगेच येऊ शकत नसेल तर त्याला फोन करून सांगावे, कानातील बिल्ल्यासह फोटो काढावा, पंचांच्या सह्या घ्याव्यात आणि मगच पुरावे. जनावर दोन-दोन दिवस उघड्यावर ठेवू नये. विहिरीपासून व ओढ्यापासून दूर, खोल खड्डा खणून, वर चुना टाकून पुरावे.

कोणाचे नाव मागे राहते?

नियम कागदावर चालतात, आणि ज्याच्याजवळ कागद नाही तो मागे राहतो. असे लोक प्रत्येक गावात आहेत.

जमीन अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा पतीच्या नावावर असते. उताऱ्यावर वारसांची नोंद झालेली नसते. अशा विधवा बाईचे नाव यादीत येत नाही, आणि आले तरी पैसे मृत माणसाच्या खात्याचा शोध घेत फिरतात. वारसा नोंदीचे काम पूर येण्यापूर्वीच उरकावे. भाऊभाऊ मनाने वेगळे झालेले असतात, पण उतारा एकत्र असतो. मग जमीन २ हेक्टरांवर दिसते आणि चौघांतील एकालाही काही मिळत नाही. तेव्हा वाटणी झाली असेल तर ती कागदावरही यावी.

दुसऱ्याची जमीन वाट्याने करणाऱ्याची गोष्ट आणखी कठीण. राबणूक त्याची, चिखलही त्यानेच काढायचा, आणि पैसे मात्र उताऱ्यावर नाव असलेल्या मालकाच्या खात्यात. कायद्याच्या भाषेत मालकाचे काही चुकत नाही. तरीही ज्याने गाळ उपसला त्याला ती रक्कम देणे हे न्यायाचे आहे, असे आम्ही जमीनमालक वाचकांना स्पष्ट सांगू इच्छितो. पुढच्या हंगामाचा तोंडी करार करतानाच ही गोष्ट बोलून ठेवावी.

बँकेचे खाते आधारशी जोडलेले आहे का, नावाचे स्पेलिंग उतारा, आधार व पासबुक ह्या तिन्ही ठिकाणी एकच आहे का, हेही पाहावे. "मारुती" एका ठिकाणी आणि "मारुतीराव" दुसऱ्या ठिकाणी, एवढ्यावरून पैसे अडकून पडतात.

दोन कलमे सर्वांनी ध्यानात ठेवावीत. ६१ वे कलम सांगते की मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म ह्यांवरून भेदभाव करता येणार नाही. यादीतून आपली वस्ती वगळली असे वाटले तर ह्या कलमाचा उल्लेख करून तहसीलदारांकडे व मग जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. आणि ५२ वे कलम सांगते की मदतीसाठी जाणूनबुजून खोटा दावा करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. दोन इंचांचा गाळ चार इंच लिहून घेणे हा हुशारीचा प्रकार नव्हे. निधी मोजका असतो. खोट्या नावाने गेलेला पैसा खऱ्या गरजूच्या ताटातून गेलेला असतो.

गाळ काढताना प्रकृतीची काळजी

मदत मिळवण्याच्या गडबडीत जीव धोक्यात घालू नये. पुराच्या चिखलात उंदीर व जनावरांचे मूत्र मिसळलेले असते. पायाला चीर असली की त्यातून लेप्टोचे जंतू शिरतात. ताप, पोटऱ्यांत दुखणे, डोळे लाल होणे ही लक्षणे चिखलात काम केल्यावर बहुधा एक-दोन आठवड्यांत दिसतात, कधी महिन्यानेही. अशा वेळी डॉक्टरांना "मी पुराच्या चिखलात काम केले आहे" हे आपण होऊन सांगावे. साधा ताप समजून अंगावर काढू नये. काम करताना गमबूट घालावेत, जखम झाकावी, काम झाल्यावर साबणाने हातपाय धुवावेत. काम सुरू करण्यापूर्वी प्रतिबंधक गोळी घ्यावी का, हे आरोग्य केंद्रात विचारावे. खिळा किंवा पत्रा लागल्यास धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

ढिगाऱ्यात साप आसरा घेतात. हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे. साप चावल्यास मंत्र-तंत्रात वेळ न घालवता, पाय न हलवता, सरळ सरकारी दवाखाना गाठावा. पडलेल्या तारेला कोणी शिवू नये. हेस्कॉमच्या माणसाने वीज बंद केल्याचे सांगितल्यावाचून त्या बाजूला फिरकू नये. फुटलेले सिमेंटचे पत्रे कोरडे असताना फोडू नयेत. पाणी मारून, तोंडाला फडके बांधून ते उचलावेत, म्हणजे त्यांची धूळ कमी उडेल.

पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीचे पाणी आधी उपसून टाकावे. स्वच्छ पाणी भरल्यावर साधारण हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर बादलीत कालवावी, वरची निवळ विहिरीत सोडावी आणि निदान एक तास पाणी वापरू नये. पाणी गढूळ असेल तर पावडर अधिक लागते. ते प्रमाण आरोग्य खात्याच्या माणसाकडून ठरवून घ्यावे. त्यानंतरही काही दिवस पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे.

आता काय करावे?

हा मजकूर पूर येईपर्यंत जपून ठेवण्यापेक्षा ह्याच आठवड्यात तीन कामे करावीत. आपला उतारा काढून त्यावरील नाव व क्षेत्र पाहावे. पासबुक, आधार व उताऱ्याच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरातील सर्वांत उंच जागी ठेवाव्यात. आणि शेजारी कोणी निराधार बाई, वाट्याने शेती करणारा किंवा अक्षरओळख नसलेला वृद्ध असेल तर त्याचेही कागद आपल्याबरोबर पाहून द्यावेत. पूर आल्यावर प्रत्येकाला आपल्या घराची घाई असते. शेजाऱ्याच्या कागदांसाठी तास-दोन तास मिळायचे ते आताच मिळतील.